ओटीतल्या काजूबिया

१२ फेब्रु. २००६, अड्यार, चेन्नई
सातव्या महिन्याची ओटी झाली. घरमालकीण कमलामामींनी हौसेनं भरली. मामी तंजावरच्या मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या, पण ओटीत तडजोड नाही. नारळ, तांदूळ, आणि सालासकट काजूबिया! जावयानं टांझानियाहून साडीच्या घडीत लपवून आणलेल्या. आलेल्या बायकांनाही त्याच वाटल्या. आणि बंदरावर परदेशी मालातली कीड तपासणारी मी, पदर पसरून बसलेली. भरल्या ओटीला नाही कसं म्हणायचं?

१३ फेब्रु.
एका बीला भोक. फोडली, आत जिवंत अळी. दुसरीलाही भोक, पण आत काहीच नाही. म्हणजे जे होतं ते बाहेर पडलं.
अळी ओळखायला लॅबकडे पाठवली. इथलीच असेल तर प्रश्न मिटला. तिकडची असेल तर... बाबांची वेंगुर्ल्याची काजूबाग डोळ्यांपुढे आली.
परदेशी कीड आली तर काजूबागा कशा वाचवायच्या, याचा प्लॅन ऑफिसात सध्या मीच लिहितेय. घ्या!

१४ फेब्रु.
मामींना सांगितलं, बिया जाळाव्या लागतील. "अय्यो! ओटीतलं कोणी जाळतं की ग?" डोळ्यांत पाणी. मग जरा वेळानं, "होमात घातल्यासारखं म्हणू. अग्नीलाच दिलं." स्वतः हळदकुंकू वाहून पुडा बांधला. ऑफिसच्या भट्टीत टाकताना साहेब कुंकवाकडे बघत राहिले.

१६ फेब्रु.
मामींबरोबर घरोघर. कोणाला काय दिलं ते त्यांना तोंडपाठ, त्यामुळे एकही बी सुटली नाही. पण दरवेळी कापी, म्हणजे इथली कॉफी, आणि सवाष्ण रिकामी कशी पाठवायची म्हणून पुन्हा ओटी! बिया गोळा करायला गेले नि नारळांनी पिशवी फाटायची वेळ. फार मजा आली, खरंच.
आवारातल्या झाडांवर किडीचे सापळे लावले. रोज बघायचे.

२५ फेब्रु.
सापळे रिकामे. निकाल नाही.
आईचा फोन. "कधी येतंस? खोली सारवून ठेवलीय." खोली म्हणजे बागेतली. आणि प्लॅनमध्ये मीच घातलंय: संशयित जागेतलं माणूस वा सामान, निकाल लागेपर्यंत, काजूच्या बागेत नको. नवरोबा अवि म्हणाला, "तू सोडून कुणाला कळणारे?" तेच तर. पहिलं बाळंतपण, आणि माहेर नाही. रडले.

२ मार्च
आईला खरं ते सांगितलं. म्हणाली, "तुझ्या बापसाची झाडां हत ती. नको येव. मीच येतंय." म्हटलं, आई, इथे राहिलीस की तुलाही निकालापर्यंत परत जाता येणार नाही. "मगे रवान. बाळ रांगापर्यंत रवान!"

१९ मार्च
आई आली. सामानही इथे अडकेल म्हणून रिकाम्या हातानं ये म्हटलं होतं, तर खरंच तशी आली. बिचारीला किती जड गेलं असेल. मामी नि ती स्वयंपाकघरात, एकमेकींच्या मराठीला हसतायत. मी आडवी पडून ऐकतेय.
सापळे रिकामेच. साहेब म्हणतात इथलीच अळी असावी, निकाल आता येईल कधीही. बागेसाठी लवकर यावा. आईकडे बघितलं की वाटतं, थोडा उशिरा आला तरी चालेल. हे साहेबांना सांगण्यासारखं नाही.