समासात लिहिलेली प्रार्थना

रविवार, १९ जानेवारी. सावेडी

चर्चमधल्या शालिनीताईंनी असं का केलं? त्यांचे मिस्टर आजारी, आधार मिळेल म्हणून मी माझं रोजच्या मननाचं पुस्तक त्यांना वाचायला दिलं. समासात मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, फक्त प्रभूसाठी: ‘सासूबाईंना क्षमा करणं मला जमत नाही.’ आज महिला सभेत त्यांनी तेच मोठ्यानं वाचलं! वर म्हणाल्या, “आपल्या या बहिणीसाठी प्रार्थना करू या.” सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. पेन्सिलीनंच तर लिहिलं होतं, देण्याआधी खोडलं का नाही मी? इतका विश्वास टाकला त्यांच्यावर.

घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “मला सांगायचं हुतंस की. परक्या बाईच्या तोंडून ऐकायला लावलंस.”

मला माफीसुद्धा मागता आली नाही.