शेवटच्या प्रवेशाच्या अलीकडे

मंगळवार, ता. १४

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सर्व ठीक. थंडी वाढली आहे, बाबांचा गुडघा कुरकुरतो आहे, आणि वहिनीच्या चष्म्याच्या काचा तयार आहेत. दुकानात मीच घासून बसवल्या. डावी काच मी पुन्हा पुन्हा तपासायला लागले तेव्हा मालक म्हणाले, "अगं बाई, नजरेनं झिजेल ती." काचा वेगळ्या पार्सलने पाठवते, या पत्राबरोबर नको.

फोनच केला असता, पण घरचा फोन आईच्या उशाशी असतो, आणि मोबाइलवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. म्हणून पत्र.

तू म्हणालास तो सिनेमा आम्ही शुक्रवारी दुपारच्या खेळाला पाहिला. किती दिवसांनी आम्ही तिघं मिळून असे हसलो! बंद पडलेल्या नाटक कंपनीतली ती चार म्हातारी माणसं, चपलांच्या दुकानावरची त्यांची भाड्याची खोली, आणि जिन्यात चाललेल्या त्यांच्या तालमी. विनोदी नटाची कवळी ऐन प्रयोगाच्या दिवशी हरवते आणि तो बोळक्या तोंडानेच सगळी भाषणं म्हणतो, तिथे बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दात गेले तेव्हा कुठे टायमिंग आलं गड्याला!" असं ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की मागच्या रांगेतली कॉलेजची पोरंही हसली. आईला मात्र त्यातली नटी पसंत पडली नाही. "उठताना खुर्चीकडे बघते. खुर्ची कुठे पळून जाणार आहे? आम्ही कधी बघितलं होतं का?" लाह्यांचा पुडा तिने एकटीने संपवला. तिचा हात माझ्या हातात होता, ऊबदार.

शेवटाकडे त्यांच्या प्रयोगात वीज जाते आणि चौघं अंधारातच संवाद म्हणत राहतात, तो प्रसंग तुला आठवत असेलच. पडदा काळा झाला. सगळं थिएटर काळोखात बुडालं. माझ्या हातातला आईचा हात निसटला आणि ती उभी राहिली.

"दिवा कुणी मालवला?"

दादा, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा तो तिचा आवाज. मी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

आणि बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "वारा होता, वहिनी."

"वारा नव्हता. कुणीतरी आलंय."

"या वेळी कोण येणार?"

"माझं पोर येणार."

पुढे काय आहे ते तुला मी सांगायला नको. आपल्या त्या जुन्या नाटकात आई वहिनी व्हायची, बाबा तिचे दीर, आणि मुलाचं काम तूच करायचास. मुलगा दारात येऊन म्हणतो, "आई, मी आलो." ती किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात देते, "सांभाळ. मी सुटले," एवढंच म्हणते आणि उजवीकडच्या दाराने नदीकडे निघून जाते. पडदा.

थिएटरमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती गंमत वाटली. आईने मात्र उजवीकडे पाहिलं. बाहेर जायच्या दारावर लाल अक्षरं पेटलेली होती, आणि ती रांगेतल्या माणसांचे गुडघे ओलांडत तिकडे निघाली. तेवढ्यात बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्या अंकातलं वाक्य टाकलं: "बसा वहिनी, पाहुणे यायचेत अजून." ती बसली. उरलेला सिनेमा तिने छान पाहिला. निघताना दारावरचा माणूस म्हणाला, "आजी, उद्याच्या खेळालाही या हं, तिकीट माफ." बाबांनी त्याला झुकून नमस्कार केला.

मी बसमध्ये हसत नव्हते. स्वयंपाकघरातून मला अलीकडे बाबांचा आवाज ऐकू यायचा, आईला "वहिनी" म्हणणारा. मला वाटायचं, तुझ्या प्रयोगासाठी दोघं तालीम करताहेत. त्याच नाटकासाठी तू पंचवीस तारखेचा हॉल ठरवलास, जाहिरात दिलीस, आई-बाबांनी इतक्या वर्षांनी पुन्हा उभं राहायचं म्हणून दोघं किती खूश होते. पण ती तालीम नव्हती. आई नाटकातल्या त्या घरात जायची, आणि बाबा तिला पहिल्या अंकात परत आणून बसवायचे. दिवसातून कितीदा, कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, जरा रंगात येते ती, बाकी काही नाही. आणि दादाला कळवायचं नाही."

डॉक्टरकडेही नेलं होतं. बाबा शेजारी बसून एकेक शब्द पुढे सरकवत होते आणि आई झेलत होती. डॉक्टर म्हणाले, "यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे." खोटं कुणीच बोलत नव्हतं रे. आपल्या घरात माणसं अशीच बोलतात. मला शाळेत उशिरा घातलं, अक्षरं विंगेत बसून नाटकाच्या वहीतून शिकवली, आणि त्याच्याही आधी एक गोष्ट शिकवली: समोरच्याचं वाक्य पडू द्यायचं नाही. तो चुकला तरी उचलायचं, पुढे न्यायचं. आपण तिघांनी आईला तसंच पुढे नेलं आहे. मीसुद्धा. तिने "वारा नव्हता" म्हटलं की भाजी चिरता चिरता माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघून जायचं, नकळत.

आता रविवारचं लिहिते.

तू फोन केलास. मी मागच्या गॅलरीत इस्त्री करत होते, बाबा अंघोळीला गेले होते. फोन आईने घेतला. मी संध्याकाळी तुला सांगितलं की लाइन कट झाली. कट झाली नव्हती. तू हसत हसत काय म्हणालास ते तुला आठवतं का? बाबा सांगतात, तू नेहमी तेच म्हणतोस: "आई, मी आलोच समज."

मी आत आले तेव्हा रिसीव्हर गादीवर होता, त्यातून तुझं "हॅलो, हॅलो" येत होतं. त्याच्याजवळ घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता, नीट ठेवलेला, जसा कुणाच्या तळहातावर ठेवावा तसा. आणि पुढचं दार सताड उघडं.

ती कालव्यावर होती. घाटाच्या शेवटच्या पायरीवर, घोट्यापर्यंत पाण्यात, शाल खांद्यावर, पाठ ताठ. गळ टाकून बसलेला एक म्हातारा मला म्हणाला, "कुणाची तरी वाट बघताहेत वाटतं बाई. मी विचारलं, तर बोलत नाहीत." मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती एक पायरी आणखी उतरली असती, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. तिनेच मान वळवली. ती चिडलेली होती.

"टाळ्या का नाही वाजल्या?"

मग मी टाळ्या वाजवल्या, दादा. चिखलात उभी राहून. त्या म्हाताऱ्यानेही गळ खाली ठेवला आणि वाजवल्या, काही न विचारता. आई वळली, वाकून आम्हाला अभिवादन केलं आणि पायऱ्या चढून वर आली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "हाऊस थंड होतं आज."

बाबांना मी सगळं सांगितलं. ते रडले, आणि मग त्यांना उमेदच आली. "बघ, पडदा पडला की ती परत येते. तिला एकदा पुरा प्रयोग मिळू दे. भरलेलं हाऊस, खऱ्या टाळ्या. घरात अर्धवट राहतं म्हणून ती अडकते." मी म्हणाले, "बाबा, आणि मी पोचले नसते तर?" ते म्हणाले, "पोचलीस ना?" आत्ता ते शिंप्याकडे गेले आहेत, तिचा पोशाख सैल करून घ्यायला.

बाबांचं बरोबर असेल. मी रात्रंदिवस तोच विचार करते आहे, आणि मला खात्री नाही, हेही लिहिते, म्हणजे तू मला नंतर दोष देऊ शकशील. पण रविवारपासून एक बदल झाला आहे तो बाबा मान्य करत नाहीत. "बसा वहिनी, पाहुणे यायचेत" आता चालत नाही. ती पहिल्या अंकात जातच नाही. जागी होते तीच शेवटच्या प्रवेशात. चहा घेते, केस विंचरते, सगळं त्याच काळोखात. किल्ल्या मी लपवल्या तर तिने काल माझं पाकीट मुठीत धरून ठेवलं. तिला द्यायला काहीही चालतं. फक्त घेणारा यायचा आहे.

हे लिहिताना पलीकडून तिने विचारलं, "दिवा कुणी मालवला?" बाहेर लख्ख ऊन आहे. मी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं. दाराच्या फटीतून तिचा चेहरा दिसतो आहे. जोडीदाराने रंगमंचावर एकटं सोडलं की नटाचा चेहरा कसा होतो ते तुला माहीत आहे. मी तरीही उत्तर देत नाही. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले आहेत.

गेली चार वर्षं मी दर पत्राच्या शेवटी तुला "लवकर ये" लिहिते. आज ते लिहायचं टाळत टाळत इथपर्यंत आले. प्रयोग रद्द कर. हॉलवाल्याला काहीही कारण सांग, माझ्यावर ढकल. बाबा तुला फोन करून गळ घालतील, ऐकू नकोस. फोन आईने उचलला तर एक शब्दही न बोलता ठेवून दे.

आणि पंचवीस तारखेला येऊ नकोस. त्यानंतरही मी कळवेपर्यंत नको. बाकी सगळी वाक्यं तिने म्हणून संपवली आहेत, आता एकच राहिलं आहे, ते तुझं. ती वाट बघते आहे तोवर ती या खोलीत आहे.

तिला बघू दे वाट.

तुझी,
बारकी