राखेनं घासलेला डबा

प्रिय सुमन,

मुलांना पत्र लिहिताना नावाआधी ‘चि.’ लिहायचं, हे मीच तुम्हा चौथीच्या वर्गाला शिकवलं. आज ते लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. म्हणून नुसतं प्रिय. चालेल ना?

दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा भरली. शाळा सुटल्यावर मी कुलूप हातात घेऊन उभा होतो, तेवढ्यात तुझी आई आली. पदराखाली तुझी पाटी होती. चौकटीचा कोपरा निखळला तेव्हा तू सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आवळून बांधला होतास ना, तीच पाटी.

“आवं गुरुजी, ही घ्या,” ती म्हणाली. “घरात नुस्ती पडून हाय. तुमीच शिकवलंय न्हवं पोरास्नी, काय वाया घालवायचं न्हाई म्हून. कुणाच्या तरी पोरीला द्या.”

मी पाटी घेतली. ती दोन पायऱ्या उतरली आणि परत वळली. “चूक माजीच हाय, गुरुजी. पोरीला काय कळतंय? कसला डबा, कुटला डबा, आईनं बगाया नगं?”

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? “देवाची मर्जी, हौसाबाई.” एवढंच! माझ्या जिभेवर दुसरं वाक्य होतं. गेले तीन महिने ते तिथंच आहे. ते गिळलं आणि सगळं देवावर ढकलून दिलं. म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाला लिहू?

तुला शनिवारचा तास आठवतो? पाढे झाले की तुम्ही सगळी टाकाऊतून केलेल्या वस्तू घेऊन अंगणात बसायचात. काड्यापेटीची बैलगाडी, चिंध्यांचं पायपुसणं, फुटक्या मडक्यात लावलेली तुळस. कुणाचा तरी मामा माधवनगरच्या गिरणीत होता, तो तुटक्या सुताचे गुंते आणून द्यायचा आणि तुम्ही मुली त्यांचे गोंडे करायचात. पाला, साली, शेण, सगळं पलीकडच्या खड्ड्यात. सहा महिन्यांनी त्याचं काळं, भुसभुशीत खत निघालं तेव्हा तू ओंजळीत घेऊन हुंगलंस आणि म्हणालीस, “गुरुजी, वास न्हाई की वो!” मी किती हसलो होतो!

“गावात टाकण्यासारखं काही नसतं,” मी सांगायचो. “टाकणाऱ्याला उपयोग दिसत नाही, एवढंच.” फार मोठं सांगतो आहोत, असं मला वाटायचं. दुष्काळात पाण्याच्या घागरीसाठी आयाबाया चालताना तुम्ही पाहिल्या होत्या. काटकसर तुम्हाला निराळी शिकवावी लागली नाही. तुम्ही माझा शब्द न् शब्द खरा मानलात. का मानलात गं इतका?

त्या शनिवारी तू परकरात झाकून काहीतरी आणलंस आणि सगळ्यांत शेवटी काढलंस. “गुरुजी, ह्यो बगा माजा डबा!” चांगला जाड पत्र्याचा, फिरकीच्या झाकणाचा. राखेनं घासून घासून तू त्याचा आरसा केला होतास. वरचं चित्र, अक्षरं, सगळं खरवडून गेलं होतं.

शेजारचा तुका ओरडला, “गुरुजी, सुमीनं घरातली समदी राख संपवली! आता हिची आई भांडी कशानं घासंल?”

“तुज्या डोस्क्यात माती हाय की भरल्याली,” तू म्हणालीस, “तिनं घासंल.”

वर्ग हसून लोळला. मीही हसलो. मग विचारलं, “कुठला गं हा डबा?”

“मळ्याच्या बांधावर गावला, गुरुजी.”

बांधावर सापडला! खरं तर तिथंच सगळं होतं. मळ्याच्या बांधावर तसला डबा दुसरा कसला असणार? संकरित जोंधळा आल्यापासून फवारणी करणारी माणसं औषधाचे डबे जागीच टाकून जातात. येता-जाता मी स्वतः पाहिले होते. पण मी पुढं विचारलं नाही. तुझा तो चकचकीत डबा टेबलावर मधोमध ठेवला आणि म्हणालो, “पहिला नंबर सुमनचा! घरी घेऊन जा. ताकाला, पाण्याला छान आहे.”

हे मी म्हणालो, सुमन. तुझी आई नाही.

माझी आई साताऱ्याकडच्या एका खेड्यात धुणीभांडी करून वाढली आणि तसंच करत म्हातारी झाली. तिची एक रीत होती. भांडं कुणाचंही असो, कशाचंही असो, तीन वेळा राखेनं घासायचं, तीन वेळा पाण्यानं विसळायचं, की ते देवापुढं ठेवायला चालतं. मी तेच शिकलो आणि तुम्हाला तेच शिकवलं. तूही तीन वेळाच घासलंस ना? मला खात्री आहे, मोजून घासलं असशील. तिच्या काळात भांड्याला लागून लागून काय लागायचं? तेल, दूध, खरकटं, चूल. राखेनं जाणार नाही असं काही गावात नव्हतंच. ते आता आलं होतं, पत्र्याच्या डब्यातून आलं होतं, आणि मी जुनाच धडा शिकवत बसलो होतो.

सोमवारी आई शेंगांच्या भांगलणीला गेली होती. तू दुपारच्या सुट्टीत तिला भाकरी आणि त्या डब्यातून ताक घेऊन निघालीस. वाटेत तहान लागली. चार घोट प्यालीस. बांधापर्यंत पोहोचलीस आणि भाकरीचं फडकं आईच्या हातात देऊन खाली बसलीस. ताक तेवढं आईनं प्यायचं राहिलं.

मला शाळेत निरोप आला. गाडी जुंपून पलूसला, तिथून सांगलीला. मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. तू एकदा डोळे उघडलेस आणि काय विचारलंस? “गुरुजी, माजा डबा कुटं हाय?” बाळ, तेव्हा तरी रागानं बघायचं होतंस माझ्याकडं!

दवाखान्यात डॉक्टरांनी डबा मागितला. झाकण काढून त्यांनी नाक जवळ नेलं आणि डबा लांब धरला. “सांध्यात आहे अजून,” म्हणाले. “घासून निघत नाही हे.” तोवर तू गेली होतीस.

तुझे वडील तार मिळाल्यावर पलटणीतून आले, तोपर्यंत सगळं उरकलं होतं. परत जाताना शाळेत आले आणि माझ्या पाया पडले. “गुरुजी, तुमी शेवटपतुर संगं व्हता पोरीच्या. लय उपकार झालं.” मी त्यांना उठवलं. तेव्हाही बोललो नाही. सांग, असा माणूस फळ्यापुढं उभा राहायच्या लायकीचा आहे का?

तो डबा माझ्याजवळ आहे. वर्गातल्या कपाटात, कुलपात. टाकायचा म्हटलं तर कुठं टाकू? खताच्या खड्ड्यात टाकला तर मातीत उतरेल. ओढ्यात टाकला तर पुढं कृष्णेत. भंगारवाल्याला दिला तर कुणाच्या तरी घरी तेल भरायला जाईल. जन्मभर मी वस्तूंना जागा शोधून देत आलो, आणि ह्या एका डब्याला पृथ्वीवर जागा सापडत नाही. बांधाबांधावर असले किती पडले असतील! पाऊस त्यांना धुतो आणि ते पाणी खाली विहिरीत जातं. कुणाकुणाला सांगू? आणि माझं ऐकावं तरी का कुणी?

पहाटे मी मारुतीला जातो, पूर्वीसारखाच. हात जोडतो. पण नाम घ्यायला लागलो की मधेच तुझा आवाज येतो, “ह्यो बगा माजा डबा!” आणि पुढचं नाम येत नाही. क्षमा मागायची तरी कुणाकडं? देवानं तर मला काही केलं नाही, मीही देवाचं काही बिघडवलं नाही. जिचं बिघडवलं, ती बाई आज पायरीवर उभी राहून स्वतःला दोष देत होती, आणि मी तिला देऊ दिला.

एकदा तरी तू मला उलट विचारायचं होतंस, सुमन. “गुरुजी, ह्यात आधी काय व्हतं?” दुसरं कुणी नाही, पण तुका सारखं काही ना काही विचारतो. तू मात्र ऐकणारी पोर. मीच तुला ऐकायला शिकवलं, विचारायला शिकवलं नाही. हाही माझाच दोष, आणि बघ, पत्रातसुद्धा तुझ्यावर ढकलायला निघालो होतो.

शनिवारचा तास तू गेल्यापासून बंद आहे. मुलं विचारतात, मी पाढे घालतो. आता तो परत घेईन. पहिल्याच दिवशी तो डबा कपाटातून काढीन, खिळा आणि दगड घेऊन मुलांसमोर त्याला तळापासून वरपर्यंत भोकं पाडीन, म्हणजे त्यात पुन्हा कुणी थेंबही भरणार नाही. वस्तू हातात घेतली की आधी काय विचारायचं, ते तुझ्या नावानं शिकवीन. याचा काही उपयोग होईल, असं मला वाटत नाही. तरीही करीन.

पण त्याच्या आधी एक. उद्या शाळा भरायच्या आत तुझी पाटी घेऊन तुझ्या घरी जाईन. उंबऱ्याशी उभा राहून तुझ्या आईला सगळं सांगीन. पहिला नंबर कुणी दिला, ताकाला छान आहे असं कुणी म्हटलं, बांधावरचा डबा म्हटल्यावर गप्प कोण बसलं. एक शब्द गाळणार नाही. मग पाटी तिच्या हातात परत देईन. एवढं ऐकूनही तिनं ती पुन्हा माझ्याकडं दिली, तरच दुसऱ्या मुलीच्या हातात ठेवीन. आणि नाही दिली, तर तसाच शाळेत येईन.

तुझ्या हाती डबा देणारे,
तुझे गुरुजी