चावीमागचा जोड

उस्ताद, तुम्ही केलेली वायरिंग आज इतक्या वर्षांनी माझ्या हाती आली, आणि चोर धरायला निघाल्यासारखी मी ती उघडली.

पेडगावचा एक संत्र्याचा बागवाला सकाळीच छोटा ट्रॅक्टर टोचन करून घेऊन आला. फांद्यांखालून जाणारं हे बुटकं यंत्र थंडीत चालूच होत नाही, आणि फवारणीला उशीर झाला की वारा सुटतो. म्हणून इंजिन तापवायला हीटर प्लग, मोठा अल्टरनेटर, पुढं एलईडी दिवे, सगळं नवं बसवायचं. बागवाला खुर्ची ओढून माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. बॅटरीवर बायकोच्या नेलपॉलिशची खूण करून आणलेली. म्हटलं, "मालक, जरा उन्हात सरका, गारठलात." तर म्हणतो, "मी सरकलो की बॅटरी बदलायचीय व्हय?" मी हसलो. असली माणसं मला आवडतात, मीही त्यातलाच. मग म्हणाला, "वायरिंग गंगाखेडच्या उस्तादची हाय. वडील लय नाव घ्यायचे." पाना माझ्या हातातच राहिला.

तुमच्या दुकानात सगळे जोड मी करायचो. शेवटचा, चावीमागचा, तेवढा तुम्ही. शिसं वितळवायची सोल्डरची कांडी तापली की तुमचं ठरलेलं, "जा, चाय सांगून ये. उकळस्तोर तिथंच थांब." एकदा मी दारातून मान वळवली तर केवढे खेकसलात. हॉटेलात लोक काय बोलतात ते माझ्या कानांनी कधी सोडलं नाही. भट्टीजवळ एकजण दुसऱ्याला सांगतोय, "उस्ताद एक जोड ढिला ठेवतो. गिऱ्हाईक फिरून यायला नको का?" दुसरा हसतोय. मी चहा घेऊन उभा. तुमचा कप नेहमीसारखा अर्धाच भरलेला. ते बोलणं मी गिळलं, पण पचलं नाही. परभणीत स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा पहिला नियम केला, काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, कुणाला बाहेर पाठवायचं नाही. त्यावरच माझं नाव झालं. म्हणजे तुमच्यावरच्या संशयावर मी दुकान उभं केलं म्हणा.

आज डॅशबोर्डचा पत्रा काढला. माझे जोड लगेच ओळखले, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची सवय माझीच. एकसारखे, नेटके. मग चावीमागचा. बोटांनी ओढला. पक्कड लावून ओढला. पत्रा वाकला, जोड हलला नाही. टॉर्च मारून पाहिलं तर शिशाचे थेंब इकडंतिकडं सांडलेले, शेजारच्या वायरचं प्लास्टिक वितळलेलं, कांडी घसरून घसरून पत्र्यावर काळे ओरखडे. मी तसाच वाकून राहिलो. तो अर्धा कप आठवला, आणि तो तुम्ही दोन्ही हातांनी धरायचात ते. मला वाटायचं, तुम्हाला थंडी वाजते. तुमचा हात थरथरत होता, उस्ताद, आणि ते मी बघू नये एवढंच तुम्हाला हवं होतं.

मालक डोकावला. "सगळे जोड झ्याक, ह्यो येकच असला गबाळा कसा? कुणी केला?"

"मी," म्हटलं. "तवा उस्तादकडं शिकत होतो."

"उस्तादनं काय म्हणलं न्हाई?"

"लय खेकसले."

हीटरची जाड वायर मी वेगळी ओढली, फ्यूज टाकला, आणि तुमचा जोड आहे तसा ठेवला. चावी अर्धी फिरवून थोडं थांबलो, प्लग तापले, आणि इंजिन एका दमात लागलं. मालकानं नेलपॉलिशची खूण तपासली. जाताना म्हणाला, "तुमचा हात सुधारला म्हणायचा." मी मान हलवली.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकतो. पक्कड लावून ओढत होतो तेव्हा तो जोड निघावा, असंच मला वाटत होतं.