मुक्ताच्या खिडकीबाहेरचा रस्ता

१० फेब्रुवारी २०१३, रविवार
पडले. नेऱ्याच्या अलीकडच्या वळणावर वाळू होती. ढोपर सोललं, सलवार चेनमध्ये अडकून फाटली. रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेली बाई उठून आली. "तुमी कशाला चालवता सायकल या वयात? लागला नाय ना?" लागलं म्हटलं असतं तर जुबेदाने उद्यापासून बंदच केलं असतं, म्हणून हसले.
जुबेदा माझ्यामागे स्कूटीवर असते. ऑफिसात इतकी वर्षं शेजारच्या टेबलांवर काढली, आता रिटायर होऊन रोज सकाळी हा उद्योग. सायकल तिच्या मुलीची, पनवेलला त्यांच्याच घरी असते. रोडपालीहून तिथपर्यंत मी रिक्षाने जाते. घरी सांगितलंय, योगा क्लास.
ह्यांनी ढोपर बघितलं. "योगात पडलीस?" हो म्हटलं.

१४ फेब्रु.
लिहूनच ठेवते, म्हणजे मागे फिरायला नको.
मुक्ताकडे इंग्लंडला दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा बाळंतपणाला, आधी वेद, मग ईरा. सहा-सहा महिने राहिले आणि इंग्लंड म्हणून काय पाहिलं, तर सिंक. सिंकवरच्या खिडकीतून मात्र एक अरुंद रस्ता दिसतो. दोन्हीकडे झुडपांचं कुंपण, पलीकडे मेंढ्या. त्या रस्त्यावरून माझ्याच वयाच्या, पांढऱ्या केसांच्या बायका सायकलवरून जायच्या. घाई नाही, गडबड नाही, गप्पा चाललेल्या. एकदा एकीने मला हात केला. माझे हात डिंकाच्या लाडवांत. तो हात करायचा राहिला तो राहिलाच.
यंदा जुलैत परत बोलावणं आहे. मु.ची नवी नोकरी तेव्हाच सुरू होतेय, जावई बोटीवर, मुलांना सुट्टी. जाईन. पण त्यातले पाच दिवस माझे. सायकलवरून गावागावांतून हळूहळू फिरवणारे लोक असतात तिकडे, सामान मागून व्हॅनमध्ये येतं, रात्री मुक्कामाला खोली. सोम. ते शुक्र. जुबेदाच्या मुलीने इंटरनेटवरून बुकिंग करून दिलं.
मु.ला माहीत नाही. ह्यांनाही नाही.

३ मार्च, रवि.
ह्यांना सांगितलं. टीव्हीचा आवाज बंद केला, म्हणजे धक्का मोठाच बसला.
"अगं, पण पाच दिवस मुलांचं कोण बघणार?"
"तुम्ही."
"मला चहा येतो."
"अहो, तुम्हाला चहाही येत नाही."
उद्यापासून ह्यांचा क्लास सुरू. माझा नेरे रस्ता, ह्यांचा ओटा. बघू कोण आधी पास होतं ते.

१९ मार्च
नेऱ्यापर्यंत जाऊन आले, कुठेही न उतरता. चढावर जीव कंठाशी आला होता, पण पाय टेकला नाही.
जुबेदा मागून ओरडत असते. "रेखा, घंटी. वळण आलं घंटी, माणूस दिसला घंटी, कुणी नाही दिसलं तरी घंटी. या अल्ला, टेंपोवाल्याला काय स्वप्न पडणार आहे तू आहेस म्हणून?" अंगठा दुखतोय.
घरी खिचडी करपली होती. ह्यांनी पाणी घातलं होतं, गॅस बारीक करायचा राहिला. खाल्ली. काही बोलले नाही. बोलले असते तर हे उद्या ओट्याशी आले नसते.

२१ एप्रिल, रवि.
स्काइपवर मु.ला सांगितलं. आधी तिला गंमत वाटली, हसली. मग कळलं की खरं आहे.
"आई, मी तुला मुलांसाठी बोलावतेय."
"येतेय ना. सगळी सुट्टी तुझी, पाच दिवस माझे."
"इकडच्या आया असं करतात. तू कधीपासून त्यांच्यासारखी झालीस?"
लागलं ते. मी काही बोलायच्या आत तिचे डोळे भरले, म्हणाली नंतर बोलते. कॅमेरा बंद झाल्यावर मीही रडले. मुलगी तिकडे एकटी राबतेय आणि मला सायकल सुचतेय, असं दिवसभर वाटत राहिलं.
संध्या. जुबेदाकडे गेले. तिने शिरखुर्मा पुढे ठेवला, सरळ म्हणाली, "कॅन्सल करायचं तर आज कर. तिथे जाऊन रडायचं नाही."
नाही करत.

१२ जून
बिल्डिंगीत बातमी फुटली. जो तो पिशवी घेऊन दारात. जातेच आहेस तर एवढं ने. तळमजल्यावरच्या काकूंच्या भाच्यासाठी कुरडया, वरच्यांच्या सुनेसाठी मेतकूट, कुणाचं तरी लोणचं, तेही बरणीत. मागच्या दोन्ही वेळी सगळं नेलं होतं, स्वतःच्या साड्या काढून ठेवून. यंदा सगळ्यांना नाही म्हटलं. काकू म्हणाल्या, "बदललीस हो रेखा." म्हटलं, काकू, बॅगेत हेल्मेट आहे.
आत येऊन एकटीच हसत बसले.

७ जुलै, मु.कडे
परवा पोचलो दोघं. मुलं गळ्यात पडली. मु. नीट वागते, पण पाहुण्याशी वागावं तसं. "आई, तुला काही हवं तर सांग." आईला असं कोणी म्हणतं का?
ह्यांनी काल खिचडी केली. वेदने केचप घालून खाल्ली आणि परत मागितली. हे इतके फुगले की मु.लासुद्धा हसू आलं. मला बघून लगेच थांबली.

२२ जुलै, सोम.
निघाले. सकाळी मु.ने दारातूनच टाटा केला.
आम्ही आठ जण आणि पीटर, तो पुढे असतो. कालव्याच्या कडेने रस्ता, मग गव्हाची शेतं, मग दगडी घरांचं गाव. चढ आहेत, पण नेऱ्यासारखे नाहीत. चर्चच्या आवारात बसून चहा आणि जाड केक. कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं. शेताचं फाटक उघडून आत जायचं आणि आपल्यामागे लावून घ्यायचं, मेंढ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून. ते काम मी मागून घेतलं.
मी खूश आहे. इतकी खूश शेवटची कधी होते, आठवत नाही.

२३ जुलै, मंगळ.
घात झाला.
मी घंटी वाजवते. वळणावर, माणूस दिसला की, हातच जातो. काल कुत्रा फिरवणारे एक आजोबा दचकून काटेरी झुडपात शिरले, तेव्हाच कळायला हवं होतं. आपल्याकडे घंटी म्हणजे काळजी, इथे म्हणजे बाजूला हो. आज अरुंद रस्त्यावर पुढे घोडा, वर चौदा-पंधरा वर्षांची पोर. मी मागून ट्रिंगट्रिंगट्रिंग. घोडा उधळला. पोर मानेला लोंबकळली, पडता पडता वाचली. सायकल टाकून तिच्याकडे धावले, सॉरी सॉरी करत.
पीटर रागावला नाही, तेच जास्त लागलं. गोड आवाजात म्हणाला, उद्या व्हॅनमध्ये बसलात तर? आराम होईल. मी म्हटलं, आराम करायचा असता तर पनवेलला केला असता. घंटीवर रुमाल बांधते, पण चालवणार. तो ओके म्हणाला. रुमाल घट्ट बांधलाय.

२४ जुलै, बुध., सकाळ
काल जेवणानंतर मु.चा फोन. ईराला उचलताना ह्यांच्या कंबरेत उसण भरली. आडवे पडलेत. "आई, मला सुट्टी मिळणार नाही, नोकरीला लागून महिना नाही झाला. व्हॅन आहे ना तुमच्याबरोबर? स्टेशनवर सोडायला सांग."
म्हटलं, ह्यांना दे. हे म्हणाले, "दुखतंय, पण मुलं टीव्ही बघतायत. मी काय सांगणार, तुला काय वाटतं ते कर." जन्मभर सगळं ह्यांनी ठरवलं, आणि नेमकं आत्ता विचारतात, मला काय वाटतं.
परत मु. आली. मी म्हटलं, "शेजारच्या बाईंना दिवसा थोडं बसायला विचार. त्या मागेही आल्या होत्या. मी शनिवारी येते."
"बरं. तुझं तू बघ." आणि फोन ठेवला.
हे माझं वाक्य. लहानपणी ती ऐकायची नाही तेव्हा मी हेच म्हणायचे, आणि ती हातातला खेळ टाकून धावत येऊन पायाला मिठी मारायची. दर वेळी.
रडले. तोंड धुतलं. हेल्मेट घातलंय, खाली सगळे थांबलेत. संध्याकाळी मीच फोन करीन. ती उचलेल की नाही, माहीत नाही.