सुभेदारसाहेबांचा चारचा चहा

वैशाली, गाझियाबाद
२३ मार्च १९९९

श्री. सुभेदारसाहेब यांना हेमलताचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. धैर्यशील नोएडाच्या नव्या ऑफिसात रमला आहे, अर्पिताची नोकरी चालू आहे आणि सोनम आता भिंत सोडून चालते. तुमचं पत्र पोचलं. गावच्या घराला रंग दिलात ते बरं केलंत. स्वयंपाकघराला पिवळा देण्याआधी मात्र मला विचारायचं होतंत.

तुम्हाला झोप येत नाही हे वाचून वाईट वाटलं. पण आता या विषयात मी मास्तरीण आहे, तेव्हा नीट ऐका.

शनिवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये डॉक्टर रेवती झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांचा क्लास घेते, आठवतं ना? "झोपायला काय शिकायचंय?" म्हणून तुम्ही हसला होतात. मध्यंतरी तिला हॉस्पिटलमधून अचानक बोलावणं आलं, तर मलाच म्हणाली, "काकू, आज तुम्ही घ्या क्लास. चलो, सगळं पाठ आहे तुमचं!" तेव्हापासून निम्मा क्लास माझ्याकडे. "नींद नहीं आई तो लोळने का नहीं, उठने का," असं मी ठणकावते आणि सक्सेनाजींसारखे मोठे रिटायर्ड साहेब माना डोलावतात. तुमच्यासमोर इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नसेन.

तर तुमचं बघू. दुपारी जेवून ताणून देता, ते बंद. अगदीच डोळे मिटू लागले तर खुर्चीत जराशी डुलकी, बस्स. कॅन्टीनची रम हे झोपेचं औषध नव्हे. ती आडवं पाडते आणि मध्येच उठवून बसवते. दिवेलागणीनंतर चहा नको. खाट फक्त झोपेसाठी. तिच्यावर बसून पेपर, पत्ते, राजाभाऊंशी बांधावरून वाद, काही नाही. झोप आली नाही तर पडवीत जाऊन बसा, डोळे जड झाले की परत या. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठा.

हे सगळं तुम्हाला जमेल. शिस्तीचे तुम्ही पक्के.

पण तुम्ही लिहिलंय, "चारला जाग येते आणि कपबशीच्या आवाजाची वाट बघत पडून राहतो." त्याच्यावर औषध क्लासात शिकवत नाहीत.

येतेस कधी, असं तुम्ही दर पत्रात विचारता. आधी मी सोनमचे दात लिहिले, मग तिच्या लसीचा डोस लिहिला, मग थंडी. परवा अर्पिता म्हणाली, "आई, तुम्ही जा बिनधास्त. सोनमसाठी क्रेश बघून ठेवलंय आम्ही." म्हणजे इकडचीही सबब संपली. आता खरं तेच लिहावं लागणार.

क्लासच्या पहिल्या दिवशी रेवतीने एकेकाला विचारलं होतं, झोप कधीपासून नाही? कोणी म्हणालं रिटायर झाल्यापासून, कोणी म्हणालं गुडघे गेल्यापासून. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "लग्न झाल्यापासून." सगळे खो खो हसले. मीही हसले. रेवती तेवढी हसली नाही.

सासूबाईंनी सांगितलं होतं, फौजीच्या बायकोने नवऱ्याआधी उठावं. तुमची पाचची पीटी, म्हणून चारला चहा. कँटोन्मेंटच्या क्वार्टरात मी तुमच्या कूस बदलण्याकडे कान लावून पडायचे, तुमच्या आधी स्टोव्ह पेटवता यावा म्हणून. पीटी संपली, पेन्शन सुरू झाली, चहा चालूच राहिला. तुम्ही तो कधी मागितला नाहीत आणि मी कधी चुकवला नाही. यात तुमचा दोष किती आणि माझा किती, मला ठरवता येत नाही.

तुम्ही गावी गेलात आणि मला झोप लागायला लागली. एके दिवशी डोळे उघडले तर खोलीभर ऊन, आणि सोनम माझ्या पोटावर बसून बांगड्या ओढतेय! आधी लाज वाटली. मग इतकं बरं वाटलं की रडू आलं. रेवतीने विचारलं, "काकू, काय जादू केलीत?" मी म्हटलं, नियम पाळले. खोटं बोलले. तुम्ही नव्हतात, एवढंच झालं होतं.

हे वाचून रागावू नका. तुम्ही नकोसे झालात असं नाही. संध्याकाळी गच्चीवर गेले की तुमचं खाकरणंसुद्धा आठवतं. मला तुमच्यापाशी यायचं आहे, आणि माझी झोपही हवी आहे. दोन्ही एकदम मागायची हिंमत होत नव्हती, म्हणून बिचाऱ्या सोनमचे दात पुढे केले.

अक्षय तृतीयेपर्यंत पोचते. माझी खाट मागच्या खोलीत टाका. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. चहा तुमचा तुम्ही करा. आधणात आलं ठेचून घाला, दूध शेवटी. जमेल तुम्हाला, आणि घरात चहाची वेळ कुठली ठेवायची, तेही तुम्हीच ठरवा.

पहिल्या सकाळी मी उठलेली दिसले नाही तर घाबरू नका, हाक मारू नका. दार हळूच लोटून बघा. इतक्या वर्षांत तुम्ही मला झोपलेली कधी पाहिलेलंच नाही.

तुमचीच,
हेमलता