पेल्यातला गंधक

सेरंगून, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ती. साधनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिसऱ्यांदा पेला नाकाशी नेला तेव्हा खात्री झाली. गंधक. विझलेल्या काडीचा वास.

इथल्या तुआस बंदराजवळच्या गोदामात आज व्हिस्कीची पारख होती. तीस वर्षं शेरी नावाच्या वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली. अशा पिंपातून कधी कधी गंधक उतरतो. आधी तोच दोष शोधायचा, मनुका-अक्रोडाचे वास नंतर. मुख्य परीक्षक चंद्रशेखरसरांनी पहिल्यांदाच निकाल माझ्यावर सोडला. परीक्षक म्हणून माझी नेमणूक त्यावर ठरणार. मी गंधक म्हटलं, सरांनी मान डोलावली. मग सोबतच्या कुशललाही तो लागला. माल नाकारल्याचं विकणाऱ्याला सोमवारी कळवतील.

आनंद व्हायला हवा. पण बसवत नाही. पंखा लावतो, बंद करतो.

मैत्रेयीबरोबर पाठवलेला हिंग पोचला. आज डब्यातल्या ताकात खडा बोटांनीच चुरला. तू असतीस तर ओरडली असतीस.

तुझ्या रागालोभाचा धनी,
निशिकांत

पुणे, शनिवार, १५ नोव्हेंबर

चि. निशिकांत यास,
अ. उ. आ.

मेल वाचून आधी हसले, मग हसू गेलं. ताक पारखीच्या आधी प्यायलास ना? त्याच बोटांनी पेला धरलास? अरे शहाण्या, तो खडा हिंग आहे, वास गंधकासारखाच, साबणाला दाद देत नाही. श्रीनिवासना मेल वाचून दाखवली तर म्हणाले, मग कुशलला गंधक कसा लागला? मी म्हटलं, साहेबांनी मान डोलावल्यावर कुणालाही लागतो.

बोटं हुंगून बघ. आणि सरांना सांग. हसतील. आम्ही तर रोजच हसतो तुला.

जेवत जा. जीव लागून राहतो.
ताई

सेरंगून, रविवार, १६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लिंबू चोळलं. नखांखाली वास अजून आहे.

कुशलला फोन केला. तो म्हणाला, तुला लागला म्हणजे असणारच. सरांचंही तसंच झालं असेल, तर मी त्यांनाच खोटं पाडायला निघालोय. गप्प राहिलो तर नेमणूक माझी. आणि माल चांगला असून परत जाईल. दुपारपासून तीनदा खाली चक्कर मारून आलो.

उद्या सांगतो. माया पातळ करू नकोस.
निशिकांत

ता. क. सोमवार. मेल काल पाठवायची राहिली. सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी आधी माझी बोटं हुंगली, मग स्वतःच्या हाताने नवा पेला भरला आणि बराच वेळ नाकाशी धरला. गंधक नव्हता. माल ठेवून घेतला. माझी नेमणूक पुढे ढकलली.